मन राखलं ते कुणाचं?

जर्मनीत नाझी चिन्हांवर कायद्याने बंदी आहे. सिनेमाला कला म्हणून सवलत असे, व्हिडिओ गेमला २०१८ पर्यंत व्यवहारात ती मिळत नव्हती. म्हणून २०१७ साली 'वुल्फेनस्टाइन २'च्या जर्मन आवृत्तीतून नाझी चिन्हं गेली, हिटलरची मिशीसुद्धा उतरवली. इथवर समजू शकतं. पण ज्यूंचा स्पष्ट उल्लेखही गाळला गेला. मारणाऱ्याची खूण पुसताना मेलेल्याचं नाव पुसायचा हक्क कुणी दिला?

आपल्याशी निगडित प्रकरण २००८चं. 'लिटल बिग प्लॅनेट'मधल्या एका गाण्यात कुरआनातली दोन वचनं होती. आक्षेप येताच सोनी कंपनीने जगभरातून डिस्क परत मागवल्या. संगीतात आयत नको, ही भावना खरी आहे. तिची टिंगल करू नये. पण गाणं होतं मालीचे कोरावादक तुमानी दियाबाते यांचं, आणि तेही मुसलमानच. त्यांच्या मुलखात प्रेषितांच्या वचनांतून गाणं स्फुरणं नेहमीचंच. कव्वाली ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. मग कंपनीने मन राखलं ते कोणत्या मुसलमानाचं? ज्याची तक्रार पोहोचली, त्याचं. दियाबाते २०२४ साली वारले. नव्या डिस्कमध्ये त्यांची धून तेवढी राहिली, शब्दांविना.