औषधाचा गुण

औषधाला गुण असतो असं आपण म्हणतो. 'गोळीने गुण आला', 'अमक्याच्या हाताला गुण आहे'. पण हा गुण मालकीचा कोणाचा, हे कोणी विचारत नाही. पैसे मोजून पुडी आणली की गुणही आपलाच, असं सगळे धरून चालतात. मला हा प्रश्न कोंबड्यांमुळे पडला.

आमचं गाव पनवेलच्या बाजूचं. १९७० साली सिडको आली आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी जाऊ लागल्या. ज्यांची भातखाचरं गेली, त्यांतल्या काहींनी मोबदल्याच्या पैशातून डोंगराकडे जागा घेऊन पोल्ट्री टाकली. माझे थोरले चुलते, आण्णा, त्यांतलेच.

तोवर कोंबडी म्हणजे आजीच्या खुराड्यातली. दहा-बारा गावठी जीव, दिवसभर उकिरडा उकरायचे. रक्ती हगवणीचा जंतू त्यांच्याही पोटात असायचा, पण थोडा. थोडा थोडा पोटात जाऊन पिल्लं त्याला सरावायची. शेडमध्ये तसं नाही. हजारो पिल्लं एकाच तुसावर. एकाने विष्ठा टाकायची, दुसऱ्याने त्यातच चोच मारायची. विष्ठेतून पडलेली जंतूची बीजं ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत तयार होतात, आणि पोटात गेली की आठवडाभरात त्यांची हजारोपट होते. कोकणातला पाऊस त्यांना माहेरासारखा. आषाढात तूस भिजलं की पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात बसायची, विष्ठेत रक्त दिसायचं आणि मर लागायची. धंद्यात याला 'कॉक्सी' म्हणतात.

यावर औषध आहे. १९४८ साली अमेरिकेत सल्फाक्विनॉक्सॅलिन कोंबडीच्या खाद्यात घालू लागले. काही वर्षांतच त्याला न जुमानणारे जंतू दिसले. मग नवं औषध, मग त्यालाही दाद न देणारे जंतू. औषध काही नवा जंतू घडवत नाही. कोटींमध्ये दोन-चार चिवट आधीपासूनच असतात. बाकीचे मेले की सगळं रान त्यांना मोकळं. १९७१ साली मोनेन्सिन आलं, ते मात्र बरंच टिकलं. त्याचं एक कारण विचार करण्यासारखं आहे. ते सगळ्यांचा नायनाट करत नाही, थोडे जंतू सुटतात आणि त्यांच्यावर पिल्लाची स्वतःची ताकद तयार होते. आजीच्या उकिरड्यावर चालायचं तेच.

आता दोष कोणाचा? आजारी पिल्लू समोर असताना औषध देऊ नये, असं म्हणण्याची माझी हिंमत नाही. मुक्या जीवाला तडफडत ठेवून उद्याच्या पिल्लांचं भलं करणं ही कसली दया? आणि कंपनीच्या करारावर पक्षी वाढवणाऱ्याला विचारतो कोण? पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध खाद्यात आधीच मिसळलेलं. त्याला किलोमागे मजुरी. कंपनी म्हणते, भाव पडलेत. वाशी-बेलापूरचं गिऱ्हाईक गटारीला स्वस्त कोंबडी मागतं. असा दोष हातोहात फिरतो आणि कोणाच्याच दारात थांबत नाही.

आमच्याकडे खाडीकाठची शेती खारबांधावर उभी होती. बांध कोणा एकाचा नसे. उधाणाच्या आधी घरटी एक माणूस चिखल टाकायला जायचा. एका ठिकाणी खांड पडली की खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात शिरायचं, आळशाच्या आणि कष्टाळूच्याही. औषधाचा गुण मला तसा वाटतो. पुडी विकत मिळते, गुण विकत मिळत नाही. तो सगळ्यांनी मिळून राखायचा बांध आहे. गरज नसताना वापरलेली, अर्धवट मात्रेने दिलेली प्रत्येक पुडी तिथून एक ढेकूळ काढते.

पण फरकही आहे. बांधावर न येणाऱ्याला गावकी दंड करायची. इथे गावकी नाही. चिवट जंतू गाडीच्या टायरला, मजुराच्या चपलेला लागून कुठल्या शेडमध्ये जाईल, कोणाला ठाऊक? मग बाकीचे राखत नसताना एकट्याने का राखावं?

आण्णा कराराबाहेरचे, म्हणून त्यांना थोडी मोकळीक होती. ते पक्षी कमी टाकायचे, ओलं तूस रोज काढून कोरडं घालायचे, बॅच निघाली की चुना मारून शेड काही दिवस रिकामी ठेवायचे आणि औषध डॉक्टरने सांगितल्यावरच. शेजारचा हसायचा, "आण्णा, रिकामी शेड काय अंडी देते का? आपली बॅच निघाली म्हंजे झालं." आण्णा म्हणायचे, "तुझी निघंल रे. पन पुढच्याला काय ठेवशील?"

आण्णांना यातून फायदा झाला, असं नाही. शेजाऱ्याने घर बांधलं, आण्णांनी कर्ज फेडलं एवढंच. त्यांच्या एकट्याच्या राखण्याने औषध वाचलं, असंही मी म्हणणार नाही. पण चांगलं वागणं फळाच्याच हिशेबावर तोलायचं, तर बांधावर पहिला माणूस कधीच जाणार नाही. कारण पहिला जातो तेव्हा बांध अजून फुटलेला नसतो आणि दुसरा येईल याची खात्री नसते. तो जातो, म्हणून दुसऱ्याला घरात बसून राहणं थोडं जड जातं. माझ्या मते एकट्याच्या राखण्याची किंमत तेवढीच आहे, आणि ती कमी नाही.