वार्धक्यातील अवधान



लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात हन्ना नावाची ८४ वर्षांची विधवा आहे. मंदिरात त्या दिवशी माणसे काय थोडी असतील? पण दोन पिलांचे अर्पण घेऊन आलेल्या गरीब जोडप्याच्या बाळाला ओळखले कोणी? इस्राएलाच्या सांत्वनाची वाट पाहणाऱ्या शिमोनाने व ह्या वृद्धेने. तिची स्मरणशक्ती कशी होती हे शास्त्र सांगत नाही. रात्रंदिवस उपास व प्रार्थना करून ती जागी राहिली होती, एवढेच सांगते.

वय झाले म्हणजे लक्ष उडते, हे खोटे नव्हे. म्हणून पुष्कळ वृद्ध हल्ली अवधानाचा अभ्यास करू लागले आहेत. नवी मुंबईत बेलापूरच्या पारसिक टेकडीवर धम्म विपुल नावाचे विपश्यना केंद्र आहे. तेथील दहा दिवसांच्या शिबिरात मौन पाळून आरंभी केवळ येणारा-जाणारा श्वास पाहावयाचा. मन पळाले की न रागावता परत आणावयाचे. सत्यनारायण गोएंका ह्यांनी ही साधना १९६९ साली ब्रह्मदेशातून आणली. तो मार्ग बुद्धाचा. तथापि प्रार्थनेत मन पळत नाही असा आपल्यात कोण आहे?

अमेरिकेत १९७९ साली जॉन कबाट-झिन ह्यांनी अशाच अभ्यासाचा आठ आठवड्यांचा क्रम रुग्णांसाठी बसवला. पुढे विसराळूपणाची तक्रार करणाऱ्या, ६५ ते ८४ वर्षांच्या ५८५ जणांत त्याची व व्यायामाची परीक्षा झाली. २०२२ साली निकाल आला: केवळ आरोग्याची माहिती ऐकणाऱ्यांपेक्षा त्यांची स्मरणशक्ती अधिक सुधारली नाही. तेव्हा गेलेली स्मृती परत आणून देतो म्हणणाऱ्यास पैसे देऊ नका.

मग अभ्यास व्यर्थ काय? मला तसे वाटत नाही. हन्नेला तीक्ष्ण बुद्धीचे बक्षीस मिळाले नाही; बाळ आले तेव्हा ती तेथे होती व तिने पाहिले.

उपदेशक बंधूंनो, कित्येकदा उणेपण मनाचे नसून कानाचे असते, आणि आपण तर शास्त्रपाठ धावत वाचतो! विसर वाढत चालला, ओळखीची वाट चुकू लागली, तर वैद्याकडे न्यावे. प्रार्थना त्याच्या आड येत नाही. येत्या रविवारी खांबाआड बसणाऱ्या आजींना पुढे बसवा, सावकाश वाचा, व काय ऐकले ते त्यांना विचारा. उत्तर येईपर्यंत दुसऱ्याकडे वळू नका.