बिल्ला दिसला, काम नाही दिसलं?

उभा राहा. मान खाली घालू नकोस, माझ्याकडे बघून बोल.

वहीच्या शेवटच्या पानावर 1 पॅरा, 9 पॅरा, 21 पॅरा लिहिलंयस आणि 9 भोवती लाल पेनानं तीनदा गोल केलायस. का, विचारलं तर म्हणतोस, "सर, तिचंच नाव मोठं आहे." नाव ऐकून युनिट निवडायला निघालास?

पॅराशूट रेजिमेंटच्या 9 पॅरा आणि 5 पॅरा या बटालियनांत फरक काय, सांग. आलं ना तोंडाला कुलूप! एक स्पेशल फोर्सेसची, दुसरी एअरबोर्न. स्पेशल फोर्सेसच्या छोट्या तुकड्या शत्रूच्या मुलखात खोल शिरतात. एअरबोर्न बटालियन आकाशातून उतरून पूल किंवा धावपट्टी काबीज करते आणि मागचं सैन्य पोहोचेपर्यंत ती जागा धरून ठेवते. टोपी दोघांचीही मरून, पण काम वेगळं, प्रोबेशनचा कस वेगळा. रील बघताना हे कुणी सांगितलं नसेल. तू तरी विचारायचं होतंस.

2 पॅरा तर तुझ्या यादीतच नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन 1952 मध्ये 2 पॅरा झाली. बांगलादेशच्या युद्धात 11 डिसेंबर 1971 ला तीच आकाशातून टांगाइलला उतरली. पुंगलीचा पूल रोखला, मैमनसिंगहून ढाक्याकडे मागे हटणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट अडवली आणि 16 तारखेला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या तुकड्यांत ती होती. आता कान देऊन ऐक. त्या दिवशी विमानांतून फक्त पायदळानं उड्या मारल्या नाहीत. 17 पॅरा फील्ड रेजिमेंटचे तोफची होते. 411 पॅरा फील्ड कंपनीचे सॅपर, म्हणजे इंजिनिअर्सचे जवान होते, आणि ती कंपनी आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सची. जखमींसाठी 60 पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्सची माणसं होती. पाठीवर छत्री सगळ्यांच्याच होती.

आणि तू? आयटीआयचं इलेक्ट्रिशियनचं प्रमाणपत्र पेटीत टाकून बसलायस. धानाच्या रोवणीची मजुरी करून तुझ्या आईनं त्या कोर्सची फी भरली होती. अग्निवीर टेक्निकलचा फॉर्म भरायचा विचारही तुला शिवला नाही, का तर त्यात रुबाब नाही! याचा मला संताप येतो.

अग्निवीराला सैन्य गरजेप्रमाणे कुठल्याही युनिटात पाठवू शकतं, हे नीट समजून घे. पॅरासाठी स्वतःहून नाव द्यावं लागतं, प्रोबेशन निभवावं लागतं, आग्र्याला पाच उड्या पूर्ण केल्या की छातीवर विंग्ज लागतात. प्रोबेशनमध्ये गळणारे पुष्कळ असतात, त्यात कमीपणा काही नाही. पण मग माणूस मूळ युनिटात परत जातो. ते मूळ युनिट कोणतं असावं, याचा एकदा तरी विचार केलास? चार वर्षांनी शंभरातले जास्तीत जास्त पंचवीसच कायम होणार. उरलेल्यांच्या हातात कोणतं कौशल्य असेल, ते याच निवडीवर ठरतं. लाल गोल तिथे करायला हवा होता!

आणि पूर्ण गुण हवे असतील तर 1600 मीटर साडेपाच मिनिटांत धावावे लागतात. काल तुला सहा मिनिटं दहा सेकंद लागले, ते मी स्वतः घड्याळात पाहिले.

आज संध्याकाळी गावातल्या माजी सैनिकांकडे जा. इंजिनिअर्समध्ये, सिग्नल्समध्ये, मेडिकलमध्ये जवानाचा दिवस कसा जातो, तिथून पॅराला नाव कधी आणि कसं देतात, ते विचारून लिहून आण. उद्या पहाटे मैदानावर आधी ते मला वाचून दाखवायचं, मग धावायचं.