हात न मारता

विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला पोहणं म्हणजे हात मारणं. ‘अजून चार हात मार’ हीच काठावरून येणारी हाक. त्यामुळे तरणतलावात भिंतीला पाय रेटून सुटल्यावर नुसतं लांब होऊन राहायचं, हे माझ्या अंगाला कित्येक महिने पटत नव्हतं. हात आपोआप चालू व्हायचे.

खरं तर भिंतीवरून सुटताना जो वेग असतो, तो त्या फेरीत पुन्हा मिळत नाही. तो किती जपून खर्चायचा, एवढंच पोहणाऱ्याच्या हाती उरतं. पाणी हवेच्या सुमारे 800 पट दाट. वेग दुप्पट झाला की त्याचा विरोध साधारण चौपट होतो. म्हणजे जराशी वर आलेली हनुवटी सर्वांत महाग पडते ती याच क्षणी. एका हातावर दुसरा हात, दंड कानांच्या मागे, नजर सरळ खाली, पोट आत, पावलं ताणलेली. आणि निदान अर्धा मीटर खोल. पृष्ठभागालगत शरीर लाटा उठवतं, आणि त्या उठवायला लागणारी शक्ती आपल्याच वेगातून जाते.

काठावर कुणाला तरी उभं करून हे एकदा करून पाहावं. हातपाय न हलवता शरीर कुठे थांबतं ती फरशी लक्षात ठेवायची, मग समोर बघत तसंच सुटायचं. फरक डोळ्यांना दिसतो. मात्र त्याआधी भराभर खोल श्वास घेऊन दम साठवू नये; त्याने पाण्याखालीच शुद्ध हरपू शकते आणि जीव जाऊ शकतो.

1904 च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये नुसतं असं घसरत जाण्याचीच स्पर्धा होती. सूर मारायचा आणि जास्तीत जास्त एक मिनिट निश्चल तरंगत जायचं. विल्यम डिकी 19.05 मीटर जाऊन जिंकला. ऑलिंपिकमध्ये ती पुन्हा झाली नाही. मला तिच्याबद्दल हळहळ वाटते. पाणी माणसाला किती अडवतं, हा प्रश्न इतक्या शुद्ध रूपात तिथे पुन्हा कुणी विचारला नाही.

अर्थात शर्यतीत नुसतं घसरत राहून भागत नाही. वेग पोहण्याच्या वेगाखाली उतरण्याआधी डॉल्फिन किक, म्हणजे दोन्ही पाय जोडून लाटेसारखी मारलेली लाथ, सुरू व्हावी लागते. लवकर मारली तर ती मिळालेला वेगच मोडते, उशिरा मारली तर मेलेला वेग पुन्हा उभा करावा लागतो. हा क्षण कोच सांगू शकत नाही. कानांवरून जाणाऱ्या पाण्याचा जोर ओसरू लागला की तो कळतो, आणि मला तरी पोहण्यातली सर्वांत सूक्ष्म गोष्ट हीच वाटते.

1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये दाइची सुझुकी आणि डेव्हिड बर्कॉफ 100 मीटर बॅकस्ट्रोकच्या सुरुवातीला हीच किक मारत जवळपास 30 मीटर पाण्याखालूनच गेले. सुझुकीला सुवर्ण, बर्कॉफला रौप्य. त्यानंतर बॅकस्ट्रोकला आधी 10 मीटरची मर्यादा आली, पुढे ती 15 झाली, आणि मग बटरफ्लाय व फ्रीस्टाइललाही लागली. जी चाल जलद, तिलाच कुंपण घालावं लागलं.

आमच्या तलावावर बहुतेक जण भिंतीपासून पाच मीटरवर टांगलेल्या पताकांच्या आतच डोकं वर काढतात. नियमाने दिलेले पुढचे दहा मीटर तसेच पडून असतात.