आधी वाचले, मग सांगितले

अमेली वेन झाओ या तरुण लेखिकेची ‘ब्लड एअर’ ही पहिली कादंबरी जून २०१९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध व्हायची होती. कुमारवयीन आणि तरुण वाचकांसाठी लिहिलेली ही अद्भुतकथा. पण जानेवारीतच तिच्यावर टीकेचा भडिमार सुरू झाला. कादंबरीतले गुलामगिरीचे चित्रण असंवेदनशील आहे, असा मुख्य आक्षेप होता. आक्षेप घेणाऱ्या काहींनी आगाऊ प्रत वाचली होती. अनेकांनी मात्र पुस्तक वाचले नव्हते, पुस्तकाबद्दलची टीका वाचली होती. चीनमध्ये वाढलेल्या झाओंनी प्रकाशन थांबवायला सांगितले. आपल्या नजरेसमोर आशियातली वेठबिगारी आणि माणसांची तस्करी होती, असे त्यांनी स्पष्ट केले. पुढे मजकुरावर पुन्हा हात फिरवून त्यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुस्तक वाचकांसमोर आणले.

२०२३ च्या जूनमध्ये न वाचता मत देण्याचा हाच प्रकार आणखी ठळकपणे दिसला. अमेरिकी लेखिका एलिझाबेथ गिल्बर्ट यांनी सैबेरियात घडणाऱ्या ‘द स्नो फॉरेस्ट’ या कादंबरीची घोषणा केली. युक्रेनवरचा हल्ला चालू असताना रशियाच्या भूमीवरची कथा आणणे अनेक युक्रेनी वाचकांना जिव्हारी लागले. वाचक पुस्तकांना तारे देतात त्या ‘गुडरीड्स’ या संकेतस्थळावर शेकडो जणांनी त्या पुस्तकाला एकच तारा दिला. पुस्तक यायला तेव्हा आठ महिने होते! गिल्बर्ट यांनी स्वतःच प्रकाशन थांबवले.

युक्रेनी वाचकांचे दुःख खरे होते. आपले म्हणणे लेखिकेला सांगण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. पण दुःख व्यक्त करणे वेगळे आणि न वाचलेल्या पुस्तकाला गुण देणे वेगळे. तारा देणारा माणूस नकळत एक साक्ष देत असतो, की हे मी वाचले आहे आणि मला ते असे वाटले. वाचलेच नसेल, तर हेतू कितीही चांगला असो, ती साक्ष खोटीच.

हा प्रश्न आता लांबच्या देशातला राहिलेला नाही. आपल्याकडेही सोळा ते बावीस वयाची कितीतरी मुले-मुली मराठी-इंग्रजी पुस्तके वाचतात, त्यांवर लिहितात, रील करतात. ‘हल्लीची मुले वाचत नाहीत’ हे पालुपद आपण उगाळत बसलेले असताना ही मुले मान खाली घालून वाचत आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यांच्या शब्दाला आज केवढे वजन आले आहे, याची जाणीव त्यांना कुणी करून दिलेली नाही. चिपळूणमधली नववीतली एखादी मुलगी खाऊचे पैसे साठवून चारशे-पाचशे रुपयांची कादंबरी घेते, तेव्हा ती आईवडिलांना विचारत नाही. त्यांनी त्या प्रकारची पुस्तके वाचलेली नसतात. बाईंनीही वाचलेली नसतात. ती विचारते आपल्याहून चार वर्षांनी मोठ्या असलेल्या या परीक्षण करणाऱ्या ताईला. ताई म्हणाली ‘घे’ की ती घेते. त्या पुस्तकात आत्महत्येसारखा विषय असेल, तर तो कसा हाताळला आहे हेही तिला ताईकडूनच कळायचे असते. म्हणून ताईने ते पुस्तक खरोखर वाचलेले असले पाहिजे.

मग हाती घेतलेले प्रत्येक पुस्तक शेवटपर्यंत वाचलेच पाहिजे का? मुळीच नाही. सिएटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी एक सोपा नियम सांगितला आहे. पुस्तकाला पन्नास पाने द्या. नाही रमलात तर खुशाल मिटून ठेवा. वयाची पन्नाशी उलटली असेल, तर शंभरातून वय वजा करा आणि उरतील तेवढीच पाने वाचा. अर्धवट सोडणे हा गुन्हा नाही. अर्धवट सोडून पूर्ण वाचल्याच्या थाटात बोलणे हा मात्र आहे. ‘मी साठ पानांवर थांबलो, आणि या कारणासाठी थांबलो’ हे प्रामाणिक वाक्य वाचकाच्या उपयोगी पडते. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शिते एकाच आधणात शिजलेली असतात. कादंबरीचे प्रकरण तसे नसते.

दुसरी गोष्ट पुस्तक कुठून आले याची. प्रकाशक परीक्षणासाठी पुस्तके फुकट पाठवतात, यात नवे काही नाही. ‘अभिप्रायार्थ सप्रेम भेट’ असे पहिल्या पानावर लिहून पुस्तक पाठवण्याची रीत मराठीत जुनीच आहे. पण वृत्तपत्रे आणि मासिके ‘साभार पोच’ छापत, म्हणजे पुस्तक मिळाल्याचे चारचौघांत सांगत. पोच दिली म्हणजे परीक्षण येईलच असे नसे, आणि आले तर ते गोडच असेल असेही नसे. आता आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही जानेवारी २०२३ मधल्या मार्गदर्शक सूचनांत समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांना सांगितले आहे, की पैसे किंवा फुकट वस्तू मिळाली असेल तर ते स्पष्टपणे जाहीर करा. नियम आहे म्हणून नव्हे, तर ऐकणारा आपल्यावर विसंबून आहे म्हणून हे सांगायला हवे. फुकट मिळालेल्या प्रतीचे ऋण फेडायचे असेल, तर ते मन लावून वाचूनच फिटते; कौतुकाने नाही.

तिसरी आणि मला सर्वांत काळजीची वाटणारी गोष्ट म्हणजे घाई. वर्षात शंभर पुस्तकांचा संकल्प सोडणारी मुले मी पाहतो. सरासरी तीनशे पाने धरली, तर रोज ब्याऐंशी पाने होतात. कॉलेज, क्लास, प्रवास सांभाळून हे साधायचे तर पाने चाळावी लागतात, ध्वनिपुस्तक दुप्पट वेगाने ऐकावे लागते. मग परीक्षणात मलपृष्ठावरचाच मजकूर थोडा फिरवून येतो.

आमच्या शेजारची एक कॉलेजकन्या पुस्तकांवर नियमित लिहिते. तिची वही मी पाहिली आहे. प्रत्येक नोंदीवर पुस्तक ग्रंथालयाचे, विकतचे की भेट आलेले, हे लिहिलेले असते. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’वर तिची पहिली नोंद आहे ती मुकुंद आणि शिरोडकरच्या कोवळ्या प्रेमाबद्दल, चार ओळींची. तिच्याखाली वर्षभराने वेगळ्या शाईत दीड पान लिहिले आहे. दुसऱ्या वाचनात तिला त्या नववीच्या वर्गाभोवती पसरलेली आणीबाणी दिसली, मोठ्या माणसांचे दबलेले आवाज ऐकू आले. पहिली नोंद तिने खोडलेली नाही. दोन्ही तिच्याच, आणि दोन्ही खऱ्या. परीक्षण करणाऱ्याची वाढ व्हायची ती अशी, एकाच पुस्तकाशी पुन्हा थांबून.

जॉर्ज ऑर्वेलने १९४६ मध्ये परीक्षणाच्या धंद्यावर एक लेख लिहिला होता. ज्या पुस्तकांनी मनात काहीच हलवले नाही, त्यांच्याबद्दलही परीक्षकाला मते बनवावी लागतात, ही त्याची व्यथा होती. बहुतेक पुस्तके सोडून द्यावीत आणि मोजक्या महत्त्वाच्या पुस्तकांवर सविस्तर लिहावे, असे त्याने सुचवले. तेव्हाचा परीक्षक पोटासाठी लिहीत होता, त्याला हा सल्ला परवडणारा नव्हता. आजच्या मुलांवर ती सक्ती नाही. दर आठवड्याला मत दिलेच पाहिजे, असे त्यांना कुणी बांधून घातलेले नाही.

म्हणून या मुला-मुलींना माझे कळकळीचे सांगणे आहे. कमी वाचा, पण पुरते वाचा. पुस्तक आवडले नाही तर कठोर लिहा, मात्र पुस्तकावर लिहा; लेखकाच्या जातीवर, चेहऱ्यावर, हेतूवर नको. सगळे ज्याला झोडपत आहेत ते पुस्तक आधी स्वतः उघडून पाहा, आणि सगळे ज्याला डोक्यावर घेत आहेत तेही. न वाचलेल्या पुस्तकाबद्दल कुणी विचारले, तर ‘मी ते अजून वाचलेले नाही’ एवढे एकच वाक्य सांगा. ते सांगायला लाज वाटू देऊ नका. तुमच्या बाकीच्या मतांवर विश्वास बसायचा, तो याच वाक्यामुळे.