हवेचा हिशेब

निफाड,
वैशाख

चि. बाळा,


उमराण्याहून कांदा भरून निघालं की राहुडच्या घाटात गाडी धापा टाकते, असं तू काल रात्री फोनवर म्हणालीस. तिसऱ्या गिअरवर सहज चढायची ती आता दुसऱ्यावर ओढावी लागते, मागे काळा धूर सुटतो, आणि ॲव्हरेज लिटरमागे दीड-दोन किलोमीटरने पडलंय. मग तू सांगितलंस की रस्त्यावरच्या एका गॅरेजात पोराने फिल्टर काढून टायरवर आपटला, कॉम्प्रेसरने हवा मारून दिली, दोन दिवस बरी चालली आणि पुन्हा तेच. ते ऐकल्यावर मला झोप लागली नाही. धुरामुळे नव्हे, त्या कॉम्प्रेसरमुळे. ही गोष्ट फोनवर नीट सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आपल्याकडे गाडीवाला डिझेलचा हिशेब पैशापैशाने ठेवतो. हवा फुकट, तिचा कोण ठेवणार? आज आपण तो मांडू. दाजींच्या, म्हणजे तुझ्या बाबांच्या, पिकअपचं इंजिन अडीच लिटरचं. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा छाती भरून श्वास घेतं. फेरे मिनिटाला २,००० असले तर हजार श्वास झाले, म्हणजे २,५०० लिटर हवा. डिझेलचं २०० लिटरचं बॅरल तू पाहिलं आहेस. तशी साडेबारा बॅरलं, दर मिनिटाला. टर्बो दाबून कोंबतो ती हवा आणखी वेगळी. पेट्रोलच्या गाडीत पाय उचलला की हवेची वाटही अरुंद होते. तुमच्या जुन्या डिझेल गाडीत ती वाट सदा उघडी. एक लिटर डिझेल पुरतं जळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते, आणि इंजिन त्याहून बरीच जास्त ओढतं. तुझ्या गाडीत स्पार्क प्लगही नाही. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला जे इंजिन चालवून दाखवलं, त्याचं मर्मच ते होतं. हवा इतकी दाबायची की ती भट्टीसारखी तापावी, आणि मग त्यात तेलाचा फवारा सोडायचा. डिझेल इंजिनाची काडीपेटी म्हणजे हवाच.

आता ही हवा कुठून येते ते बघ. कांद्याच्या चाळीपर्यंतचा पाणंद रस्ता, त्यावरचा घोट्याएवढा फुफाटा, पुढे चाललेल्या ट्रॅक्टरची धूळ, चौपदरीकरणाची खडी. डोळ्यात गेल्यावर खुपणारा कण मोठा असतो, तो सहज अडतो. इंजिनाला खातो तो बारीक. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा. घात करणारा कण त्याहून कितीतरी बारीक, काही मायक्रॉनचा. पिस्टनची रिंग आणि लायनर यांच्यामधला तेलाचा पापुद्रा जेवढा, जवळपास तेवढाच हा कण, म्हणून तो नेमका तिथे अडकतो. वाळूचा कण बिडाच्या लायनरपेक्षा कठीण असतो. व्हॉल्व्ह घासून बसवायला आम्ही जी पेस्ट वापरतो, ती म्हणजे तरी काय, स्निग्धात कालवलेली कठीण पूड. फिल्टरमधून धूळ निसटली की तशीच पेस्ट इंजिनाच्या आत आपोआप तयार होते आणि दर फेऱ्याला घासत राहते. शिवाय टर्बोची पाती मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात. त्या वेगात धुळीचा कण पात्याच्या धारेवर कानशीसारखा चालतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो असतो तर बरं झालं असतं. मी ते एका माणसाचं नुकसान करून शिकलो.

१९९४ चा उन्हाळा होता. आमची पिढी ऑइल बाथवर वाढलेली. जुन्या जीपना, ट्रॅक्टरना एअर क्लीनरच्या तळाशी तेलाची वाटी असायची. धूळ त्या तेलात बसायची. वाटी काढायची, गाळ ओतायचा, डिझेलने धुवायची, खुणेपर्यंत नवं तेल भरायचं. जितकी वरचेवर धुवाल तितकं चांगलं. चांगला मेकॅनिक म्हणजे डबा उघडून साफ करणारा, हे आमच्या हाडात मुरलेलं. मग गाड्यांना कागदाचे फिल्टर आले. हात तोच राहिला, वस्तू बदलली.

एक शेतकरी दादा दर पंधरवड्याला त्यांची डिझेल गाडी माझ्याकडे आणायचे. मी कौतुकाने फिल्टर काढायचो, टायरवर दोनदा आपटायचो, कॉम्प्रेसरची नळी कागदाला टेकवून हवा मारायचो. कागद पांढरा दिसला की दोघांनाही समाधान. त्यांच्याकडून पैसेही घेत नसे. पावसाळा संपेपर्यंत गाडी ऑइल प्यायला लागली. धूर निळा झाला. ऑइल भरायचं झाकण उघडलं की आतून भसाभसा वाफ यायची, बॅक कॉम्प्रेशन. इंजिन उघडलं. लायनरवर तेल धरून ठेवणाऱ्या तिरप्या रेघा असतात, त्या साफ पुसल्या गेल्या होत्या, वरच्या बाजूला नखाला लागेल एवढी कड पडली होती. मग फिल्टरच्या पुढच्या होजमध्ये बोट फिरवलं. बोट तांबूस झालं. त्या नळीत बोट कोरडं आणि स्वच्छ निघायला हवं होतं. फिल्टर घेऊन अंगणात गेलो आणि उन्हात धरला. कागदाच्या घड्यांतून उन्हाचे ठिपके दिसले, सुईच्या टोकाएवढे, सात-आठ. एका जागी रबराची कडही दुमडली होती. ती आपटून आपटून मीच दुमडली होती.

दादांनी त्या वर्षीच्या लाल कांद्याच्या पट्टीतून इंजिनाचे पार्ट आणले. मजुरी मी घेतली नाही, पण पार्टचे पैसे द्यायला तेव्हा माझ्याकडे नव्हते. चूक माझी होती हे मी त्यांना सांगितलं. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. पुढे पंधरा वर्षं त्यांच्या गाडीचं काम माझ्याचकडे होतं, आणि ती जखम माझ्यापुरती तरी कधी भरली नाही.

म्हणून सांगतो. थोडा मळलेला फिल्टर हा नव्यापेक्षा बारीक धूळ अडवतो. विचित्र वाटेल, पण घरातली गाळणी आठव. चहाची पूड तिच्यात साचली की मागचा चहा जास्त नितळ उतरतो, आणि हळूही उतरतो. फिल्टरचंही तसंच. धुळीचा थर स्वतःच गाळणी बनतो. तो फार जाड झाला, हवा कोंडू लागली, की फिल्टर बदलायचा. तोवर त्याला हात लावायचा नाही. डबा जेवढ्या वेळा उघडशील तेवढ्या वेळा धूळ आत पडायची संधी. काही गाड्यांना डब्यावर लहान इंडिकेटर असतो, श्वास कोंडला की लाल होतो. तुमच्या गाडीला नाही, म्हणून किलोमीटर लिहून ठेवावे लागतील. गाडीच्या पुस्तकात जे अंतर दिलंय त्यातच धुळीच्या रस्त्यासाठी कमी अंतर सांगितलेलं असतं. तुझा रस्ता तो. डांबरी रस्त्याचा आकडा आपला नव्हे.

तुझ्या फिल्टरमध्ये आता हवा मारलेली आहे, तो आपटलेलाही आहे. त्याचा भरवसा उरला नाही. नवा आण, आणि बदलणं तुझ्या हातानेच कर. दुकानदाराला गाडीचं मॉडेल नुसतं सांगू नकोस, जुन्यावरचा पार्ट नंबर दाखव. मोकळ्या पाकिटातला, छपाई पुसट असलेला घेऊ नकोस. घड्या सरळ आणि सारख्या अंतरावर हव्यात, रबर बोटाने दाबल्यावर मऊ हवं. रबर कडक असेल तर कागद कितीही चांगला असला तरी धूळ बाजूने जाईल.

काम सकाळी कर, वारा नसताना. ओट्यावर नाही, चाळीजवळ तर मुळीच नाही. इंजिन थंड, किल्ली खिशात. डबा उघडायच्या आधी बाहेरून ओल्या फडक्याने पूस, नाहीतर झाकणावरची धूळच आत सांडेल. क्लिपा सोडव, फिल्टर हळूच सरळ वर उचल, झटकू नकोस. लगेच डब्यातून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात स्वच्छ सुती कापड घाल, रंग भडक असू दे म्हणजे विसरणार नाहीस. डबा ओलसर कापडाने पूस. फुंकर नको, हवेची नळी नको. तळाला रबराची चोच असेल तर दाबून बघ, साचलेली धूळ तिथून पडते. ती चिरली असेल तर बदल.

मग ते कापड काढ आणि बोट घाल त्या नळीत. मी १९९४ मध्ये घालायला हवं होतं तेव्हा घातलं नाही. बोट कोरडं, स्वच्छ निघालं तर नवा फिल्टर बसव. तांबूस निघालं तर थांब आणि मला फोन कर. मग इंजिनाचं ऑइलही बघावं लागेल. फिल्टर बसवताना रबराची कड चहूबाजूंनी बोटाने चाचप, क्लिपा समोरासमोरच्या आळीपाळीने लाव. त्यानंतर डब्यापासून टर्बोपर्यंतच्या प्रत्येक होजवर हात फिरव, खालच्या अंगाने विशेष, कारण चिरा तिथेच पडतात. जुबली क्लिपा पेचकसाने तपास. हजार रुपयांचा फिल्टर बसवला आणि होजला चीर राहिली, तर सगळी धूळ त्या चिरेतूनच जाणार.

एवढं करूनही काळा धूर राहिला तर दुसरा फिल्टर आणू नकोस. मग टर्बोच्या पुढची नळी फुटलेली असेल किंवा इंजेक्टर टपकत असतील. ते मी बघीन.

पावसाळ्याचं एकच सांगतो, कारण जून दूर नाही. ओढ्याचं पाणी चाकाच्या निम्म्याच्या वर असेल तर गाडी घालू नकोस. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन त्याच्यावर आदळला की कनेक्टिंग रॉड वाकतो. चुकून पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, कितीही लोक मागून ओरडले तरी. आधी डबा उघडून फिल्टर ओला आहे का ते पाहायचं.

दाजींचा गुडघा कसा आहे ते कळव. गाडी तुझ्या हाती दिल्यापासून ते दिवसभर रस्त्याकडे कान लावून बसतात, असं ताई म्हणाली. इंजिनाचा आवाज त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळतो. फिल्टर बदलल्यावर गाडी त्यांच्या खाटेजवळून एकदा ने.

नव्या फिल्टरच्या डब्यावर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिही. आणि जुना फिल्टर फेकू नकोस. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेव, गुरुवारी लासलगावला येशील तेव्हा सोबत आण. मला तो उन्हात धरून बघायचा आहे.

तुझा,
मामा