अंबडच्या दप्तरातलं १९४८

गेल्या दोन-तीन वर्षांत अंबड तालुक्यानं अख्ख्या मराठवाड्याला जुनी दप्तरं उघडायला लावली. मराठा आरक्षणासाठी अंतरवाली सराटीला झालेलं उपोषण, १ सप्टेंबर २०२३चा लाठीमार, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती, २ सप्टेंबर २०२५चा हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय, हे सगळं वाचकांना पाठ आहे. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. एरवी धूळ खात पडलेल्या बस्त्यांपुढे माणसं ‘कुणबी’ एवढी एक नोंद शोधत बसली. आरक्षणाच्या बाजूनं वा विरुद्ध मला इथं काही म्हणायचं नाही. माझं कुतूहल वेगळं आहे. निजामाच्या राजवटीचा कागद आपण पुरावा म्हणून मान्य केला, त्यासाठी रस्त्यावर उतरलो. ती राजवट पडली त्या आठवड्यात आणि पुढच्या काही महिन्यांत याच मुलखात काय झालं, याचा कागद मात्र कुणी मागितला नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ‘इतिहासातला एखादा नैतिक प्रश्न’ असा विषय शोधनिबंधासाठी दिला, की तो हमखास हिरोशिमाकडे वळतो. तिथं सगळं तयार मिळतं: दोन्ही बाजूंचे युक्तिवाद, आकडे आणि निष्कर्षसुद्धा. शिवाय हिरोशिमाच्या कुणाचा नातू आपल्या गल्लीत राहत नाही. अंबडच्या विद्यार्थ्यानं तो मोह टाळावा आणि १९४८ घ्यावं असं मला वाटतं. तेव्हा अंबड औरंगाबाद जिल्ह्यात होतं. जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ला. गावातली म्हातारी माणसं त्या काळाचे दोन भाग करतात, ‘रझाकारी’ आणि ‘पोलिस ॲक्शन’. पहिल्या भागावर ती मोकळेपणानं बोलतात. दुसऱ्यावर बोलताना आवाज खाली येतो.

रझाकारीचं स्वरूप आपल्याला शाळेपासून माहीत आहे. कासिम रझवी हा लातूरला वकिली करणारा माणूस. त्याच्या रझाकार संघटनेनं हैदराबाद संस्थानभर खेड्यापाड्यांत लूट, जाळपोळ, खून केले. मे १९४८मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याला जे हत्याकांड झालं, त्याची आठवण अजून ताजी आहे. असंख्य कुटुंबं घरदार सोडून संस्थानाच्या हद्दीबाहेर गेली. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य आत शिरलं (हीच ‘पोलिस ॲक्शन’) आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. पाठ्यपुस्तक इथं संपतं. त्यानंतर संस्थानातल्या मुसलमान वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांची चौकशी करायला पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाठवलं. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते संस्थानाच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरले. अत्यंत सावध अंदाजानं किमान २७ ते ४० हजार माणसं मेली, असं त्यांनी लिहिलं. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत जास्त पोळलेले. औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक या चारांत मिळून किमान ५ हजार. सरकारनं हा अहवाल कधी प्रसिद्ध केला नाही. त्यातले काही भाग उमर खालिदी यांनी १९८८मध्ये छापले आणि २०१३मध्ये ए. जी. नूरानी यांच्या पुस्तकात तो समग्र आला.

आता विद्यार्थी शीर्षक काय देईल? ‘पोलिस ॲक्शन : योग्य की अयोग्य?’ हे शीर्षक वादसभेला शोभेल, शोधनिबंधाला नाही. सैन्य पाठवणं, सैन्य आल्यावर गावकऱ्यांनी शेजाऱ्याचं घर लुटणं, ते होत असताना शिपायानं बघत राहणं किंवा स्वतः हात धुऊन घेणं (असेही प्रकार अहवालात नोंदले आहेत) आणि अहवाल दडपणं, ही चार वेगवेगळी कृत्यं आहेत. करणारे वेगळे, त्यांच्यापुढचे पर्याय वेगळे. संस्थान विलीन होणं न्याय्यच होतं असं मी मानतो, आणि सैन्य आल्यानंतरची कत्तल हा गुन्हा होता असंही मानतो. या दोन वाक्यांमध्ये ‘पण’ घालायची गरज मला वाटत नाही.

गोची त्या ‘पण’मध्येच आहे. आपल्याकडे १९४८वर बोलणं सुरू झालं की लगेच तराजू निघतो. एका पारड्यात रझाकारी, दुसऱ्यात पोलिस ॲक्शन. मग वजन करणारा ज्या घरात जन्मला त्याप्रमाणे काटा झुकतो. रझाकारांचे अत्याचार हे पुढच्या हिंसेचं कारण होतं, यात शंका नाही. निर्वासित म्हणून गेलेला माणूस परत येतो, जळालेलं घर बघतो, त्याच्या मनात काय उसळलं असेल हे लिहिलंच पाहिजे. परंतु ज्याच्यावर तो राग निघाला, तो जाळणाराच होता का? बहुतेक ठिकाणी रझाकार पळाले होते. मागे राहिले ते पिंजारी, विणकर, कुळं, बायामुलं. कारण सांगणं हे इतिहासकाराचं काम आहे. ते सांगता सांगता माफीपत्र कधी लिहून होतं, हे त्यालाही कळत नाही. आणि ‘हिंदू विरुद्ध मुसलमान’ एवढ्या दोनच रकान्यांत हा काळ बसत नाही. रझाकारांविरुद्ध लिहिल्याबद्दल हैदराबादेत २२ ऑगस्ट १९४८ला ज्याचा खून झाला, तो ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान कोणत्या रकान्यात घालणार?

दुसरा नेहमीचा आक्षेप असा, की आजच्या फूटपट्टीनं काल मोजू नये. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच त्या काळाचीच फूटपट्टी शोधावी, आणि ती हाताशी आहे. चौकशी समिती कुणा परदेशी संस्थेनं नेमली नव्हती, नेहरूंनी नेमली होती. सुंदरलाल गांधीवादी, ‘भारत में अंग्रेजी राज’ हे त्यांचं पुस्तक १९२९मध्ये इंग्रजांनी जप्त केलेलं. ज्याच्या पुस्तकावर परक्या सरकारनं बंदी घातली, त्याचा अहवाल स्वकीय सरकारनं कपाटात ठेवला. त्या क्षणी तसं का केलं असेल, हे समजून घेता येतं: फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, काश्मीर आणि हैदराबाद दोन्ही प्रश्न सुरक्षा परिषदेपुढे होते, सूडाची नवी लाट येण्याची भीती होती. १९४८चा निर्णय या कारणांनी तोलावा. १९६८मध्ये किंवा १९८८मध्ये यातलं काय उरलं होतं? तेव्हाचं मौन हा तेव्हाच्या लोकांचा निर्णय होता आणि त्याचा हिशेब निराळा मांडावा लागतो. माझ्या मते खरा शोधनिबंध इथं आहे.

आकड्यांशी मात्र जपून. समितीनं १०९ गावांतल्या ५००हून अधिक लोकांच्या जबान्या घेतल्या. संस्थानात गावं हजारोंनी होती. २७ हजार आणि ४० हजार यांतलं अंतर हीच आकडा पक्का नसल्याची कबुली आहे. दोन्ही टोकं न देता फक्त वरचं टोक देणारा आणि आकडा पक्का नाही म्हणून घटनाच नाकारणारा, हे दोघं एकाच वर्गात नापास व्हावेत. चार जिल्ह्यांच्या ५ हजारांना भागून अंबडचा वाटा काढणारा विद्यार्थीही मी पाहिला आहे.

तालुक्यापुरतं काही सांगायचं तर दप्तरात बसावं लागेल. निजामाचे कागद फसली सनात असतात. इसवी सन काढायला सुमारे ५९० मिळवायचे, एवढं आधी शिकावं. मग १९५०च्या दशकातली खासरा पत्रकं. एखाद्या गटावरचं नाव दोन नोंदींच्या मधल्या काळात बदललेलं दिसतं. जमीन बळकावली, की भीतीनं कवडीमोलानं विकली, की रीतसर विकून कुटुंब हैदराबादला गेलं, हे पत्रक सांगत नाही. नावं मात्र सांगतं, आणि त्याच नावाचा नातू आज ती जमीन कसतो, कदाचित निबंध लिहिणाऱ्याच्या वर्गात बसतो. गावाचं नाव, वर्ष, व्यवहाराचं स्वरूप लिहावं. कुटुंबांची नावं मार्गदर्शकाकडे बंद ठेवावीत. मृताचं नाव घरच्यांनी सांगितलं, छापायला हरकत नाही म्हटलं, तर जरूर छापावं. आरोपाला हा नियम लावता येत नाही, कारण आरोपी उत्तर द्यायला उरलेला नाही.

तोंडी साक्षीचीही परीक्षा हवी. तेव्हा दहा वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदीच्या आसपास आहे. बाकीचे जे सांगतात ते ऐकीव. शिवाय साक्ष द्यायला लाभ जोडला की ती वाकते. शहागडचा पूल ओलांडला की बीड जिल्हा. तिथल्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनचं प्रकरण २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. मुक्तिसंग्रामाच्या आठवणी गोळा करताना ती फाइल आधी वाचावी.

‘काळच तसा होता, कोण काय करणार?’ हे वाक्य मुलाखतींत वारंवार येईल. त्याचं उत्तर सुंदरलाल अहवालातच आहे. काही गावांत हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना हिंदूंच्याच जमावापासून वाचवलं आणि त्यापायी स्वतःचे प्राणही गमावले, असं त्यात म्हटलं आहे. पळवलेल्या बायका परत आणायला अनेक हिंदूंनी मदत केली. त्याच आठवड्यात, त्याच भीतीत या माणसांना दुसरं काही सुचलं होतं. असं कुणी अंबडच्या आसपास होतं का, हा प्रश्न विद्यार्थ्यानं दारोदार विचारावा. उत्तरं भरपूर मिळतील. आमच्या आजोबांनी कणगीत माणसं लपवली होती असं सांगणारी घरं एकेका गावात निघतील. त्यांच्याकडेही पुरावा मागावा, आणि शक्यतो लपलेल्यांच्या घरचा.